मधल्या टेबलावरचे गिऱ्हाईक कुठे गेले?

(वाचकांची पत्रे आणि त्यांना उत्तरे)

गेल्या अंकातील टिपणात मी एवढेच नोंदवले होते की, कोकणातील लहान शहरांतसुद्धा आता रविवारी संध्याकाळी पुष्कळ घरांत स्वयंपाक होत नाही, आणि तरीही बसून जेवण्याची हॉटेले पूर्वीसारखी भरत नाहीत. या विसंगतीवर बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे उत्तरांसह देत आहे. उत्तरे देणाऱ्याने रत्नागिरीत सत्तावीस वर्षे हॉटेल चालवले आहे आणि त्यात बरेच पैसे घालवलेही आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. आम्ही उभयता तिकडे गेलो की तो आम्हांला कोळंबी खाऊ घालायला एका उपाहारगृहात न्यायचा. ते आता बंद झाले, आणि त्याच नावाची इतर गावांतली दुकानेही उठली, असे तो कळवतो. इकडे पुण्यात मुलीच्या घराजवळचे कॉफीचे दुकानही गेले. लोक तर पूर्वीपेक्षा जास्त बाहेर खाताना दिसतात. मग या मोठमोठ्या साखळ्या का तुटत आहेत?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण ज्या उपाहारगृहांविषयी विचारता, त्यांना त्या धंद्यात ‘कॅज्युअल डायनिंग’ म्हणतात. येथे काउंटरवर पैसे भरून स्वतः ट्रे उचलावा लागत नाही, आणि पंचतारांकित हॉटेलातल्यासारखा खिसाही रिकामा होत नाही. टेबलावर बसायचे, वेटर येतो, मेनूकार्ड जाडजूड असते, आणि कोणत्याही शहरात गेले तरी पदार्थ तोच व चव तीच मिळते. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेले टीजीआय फ्रायडेज आणि १९६८ साली फ्लोरिडातील लेकलँड येथे निघालेले रेड लॉब्स्टर ही या जातीची दोन ठळक नावे होत. २०२४ च्या मे महिन्यात रेड लॉब्स्टरने आणि नोव्हेंबरमध्ये टीजीआय फ्रायडेजने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपण नाव लिहिलेले नाही, परंतु कोळंबीचा उल्लेख पाहता ते रेड लॉब्स्टर असावे असा माझा तर्क आहे. असा अर्ज केला म्हणजे सगळीच दुकाने बंद होतात असे नाही. रेड लॉब्स्टर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या मालकांच्या हाती जाऊन त्यातून बाहेर पडले, मात्र शंभराहून अधिक ठिकाणचे टेबल त्याआधी उचलले गेले होते.

या कंपनीच्या पडझडीची जी गोष्ट सर्वांनी मिटक्या मारीत सांगितली, ती कोळंबीची आहे. जून २०२३ मध्ये त्यांनी वीस डॉलरांत हवी तितकी कोळंबी खाण्याची योजना, जी पूर्वी वर्षातून काही दिवसच असे, ती कायमची केली. लोक आले, ठाण मांडून बसले, आणि एकेकाने ताटामागून ताटे फस्त केली. कंपनीची मालकी त्या वेळी थायलंडमधल्या ज्या मासळीच्या व्यापाऱ्यांकडे होती, तेच तिला कोळंबीही पुरवत होते, ही त्यातली आणखी एक गंमत. हॉटेलवाल्याला मात्र ही गोष्ट ऐकताना हसू येत नाही, कारण ‘अनलिमिटेड’ थाळीचा हिशेब त्याला पाठ असतो. जास्त खाणारा नुकसान करतोच. पण त्याहून मोठे नुकसान तो दीड तास टेबल अडवून बसतो याचे असते, कारण दुपारच्या दोन तासांत जे टेबल तीनदा फिरायला हवे ते एकदाच फिरते.

तरीही खरे दुखणे कोळंबीचे नव्हते, जागेचे होते. २०१४ साली एका गुंतवणूक कंपनीने रेड लॉब्स्टर सुमारे २१० कोटी डॉलरांना विकत घेतले आणि लगोलग त्याच्या मालकीच्या जागा सुमारे १५० कोटी डॉलरांना दुसऱ्याला विकून टाकल्या. वाडवडिलांच्या मालकीचा गाळा विकावा आणि उद्यापासून त्याच गाळ्यात भाडेकरू म्हणून बसावे, तसा हा व्यवहार झाला. विक्रीचा पैसा गुंतवणूकदारांच्या उपयोगी पडला आणि भाडे मात्र भटारखान्याच्या बोकांडी बसले. धंदा तेजीत असताना भाडे जाणवत नाही. गिऱ्हाईक दहा टक्के घटले तरी भाड्याचा आकडा दहा टक्के घटत नसतो, हे मंदीत कळते.

आणि गिऱ्हाईक घटले होते, यात शंका नाही. अमेरिकेत बसून जेवायचे म्हणजे पदार्थाच्या किमतीवर विक्रीकर आणि त्यावर पंधरा-वीस टक्के टिप, असा रिवाज आहे; म्हणजे कार्डावर वीस डॉलर वाचले तरी पाकिटातून पंचवीसच्या आसपास जातात. त्याच पैशांत काउंटरवरून समोर भरून दिलेले ताट घेणारी चिपोटलेसारखी दुकाने १९९३ पासून वाढत गेली, जेथे जेवण बरे असते, वेळ कमी लागतो आणि टिपेचा आग्रह नसतो. उरलेल्यांना २०२० च्या टाळेबंदीने घरी मागवून खाण्याची सवय लावली. ज्याला झटपट आणि स्वस्त हवे तो एका बाजूला गेला, ज्याला वर्षातून दोनदा खास जेवायचे आहे तो दुसऱ्या बाजूला गेला, आणि मधले टेबल रिकामे राहिले. येथे एक अपवाद मुद्दाम सांगतो. याच जातीच्या चिलीज या साखळीने पदार्थांची यादी छाटली, स्वयंपाकघरातली कामे सोपी केली, आणि २०२४ मध्ये तिची विक्री इतर साखळ्यांचे डोळे विस्फारतील इतकी वाढली. तेव्हा काळच वाईट आला, असे म्हणून सर्वांना सुटता येणार नाही.

पुण्याच्या कॉफीच्या दुकानाचे नाव आपण दिलेले नाही. परंतु १९९६ साली बंगळुरात सुरू झालेल्या कॅफे कॉफी डेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१९ साली संस्थापकांचा मृत्यू झाला आणि कंपनीवरील कर्जाचा डोंगर उघड झाला. सतराशेच्या पुढे असलेली तिची दुकाने पुढच्या पाच वर्षांत पाचशेच्याही खाली आली. त्याच पाच वर्षांत आपल्याकडे कॉफी पिणारे कमी झाले असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडच्या साखळ्यांना आणखी एक काच आहे, ज्याचा उल्लेख फारसा होत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांच्या बिलावर पाच टक्के जीएसटी आहे, परंतु त्याबरोबर मालकाला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मॉलमधल्या जागेच्या भाड्यावर अठरा टक्के कर भरावा लागतो, आणि तो सगळा मालकाच्या अंगावर पडतो. ज्याच्या हॉटेलची जागा स्वतःची आहे, त्या आमच्या साळवी स्टॉपजवळच्या मिसळवाल्याला हा प्रश्नच नाही.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मॉलमध्ये अशाच एका साखळी उपाहारगृहात मी शुक्रवारी रात्री आठ वाजता बसलो होतो. मेनूकार्ड मागितले तर टेबलावर चिकटवलेल्या चौकोनाचा फोटो काढायला सांगितले. पास्ता आला तो मधोमध थंड होता, आणि वेटर वाईट मनाचा नव्हता, पण एकोणीस टेबलांवर तो एकटाच होता. बाहेर पडताना दारात डिलिव्हरीची चार मुले पिशव्यांची वाट पाहत उभी होती. भटारखाना बहुधा त्यांच्यासाठीच चालू होता.

प्रश्न : मी मालवणात घरीच खाणावळ चालवते. पंधरा माणसे एका वेळी बसतात. मे महिन्यात आणि दिवाळीत पर्यटक खूप येतात, पण प्रत्येक कुटुंबात कोणीतरी पनीर, नूडल्स किंवा पिझ्झा मागतो. माझे यजमान म्हणतात, कार्ड मोठे करूया. पुण्याहून एक गृहस्थ फ्रँचायझी देतो म्हणूनही येऊन गेले. काय करावे?
– एक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, प्रथम माझी फजिती ऐका. २००९ साली मी माझ्या हॉटेलचे कार्ड एकशे बेचाळीस पदार्थांचे छापले. त्यात मेक्सिकन राइससुद्धा होता, जो माझ्या वस्तादाने, म्हणजे मुख्य आचाऱ्याने, कधी पाहिलेला नव्हता. दोन महिन्यांत माझ्याकडे तीन फ्रीझर झाले, तिन्ही भरलेले, आणि रोज रात्री काय टाकून द्यायचे याची यादी करण्यात अर्धा तास जाई. पूर्वी जे गिऱ्हाईक बसल्याबरोबर थाळी सांगत असे, ते आता कार्ड चाळत दहा मिनिटे घालवून शेवटी थाळीच सांगू लागले. टेबल फिरण्याचा वेळ वाढला तो वेगळाच.

आता थाळीचा हिशेब पाहू. समजा, लिलावात पाच किलोची सुरमई ९०० रुपये किलोने मिळाली. साडेचार हजार रुपये गेले. डोके, पोट आणि शेपूट काढल्यावर तुकड्यांसाठी साडेतीन किलोच्या आसपास मासा उरतो, आणि सव्वाशे ग्रॅमचा एक तुकडा धरला तर अठ्ठावीस तुकडे पडतात. म्हणजे तळलेल्या एका तुकड्याची किंमत १६० रुपये झाली, आणि तीही तेल, रवा, मसाला धरण्याआधी. डोके कालवणात जाते, म्हणून कालवण जवळजवळ वाटपाच्या खर्चात निघते. भात, दोन चपात्या, सोलकढी, सुका जवळा किंवा बांगड्याचे किसमूर आणि गॅस मिळून आणखी शंभराची जुळणी. हा हिशेब जमतो तो एकाच कारणाने, की आपल्याकडे त्या दिवशी अठ्ठावीस माणसे तोच मासा खातात. त्यातल्या दहा जणांनी पनीर मागितले, तर दहा तुकडे रात्री उरतात, आणि त्यांचे सोळाशे रुपये पनीरच्या नफ्यातून निघत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की कार्ड वाढवू नये, पण मुलांची आणि शाकाहाऱ्यांची सोय जरूर करावी. ती सोय आपल्याच स्वयंपाकघरातून व्हावी. घावणे आणि गूळ-खोबऱ्याचा रस मुले आवडीने खातात. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, फणसाची भाजी, डाळीचे वरण आणि भात हे शाकाहाऱ्याला पनीरपेक्षा निराळे वाटते, कारण पनीर त्याला नागपुरातही मिळते. उकडलेले अंडे आणि बटाट्याच्या काचऱ्या हट्टी मुलासाठी ठेवाव्यात. नूडल्सची पाकिटे घरात ठेवली तरी मला वाईट वाटणार नाही. मात्र ती कार्डावर छापू नयेत.

फ्रँचायझीविषयी सरळ सांगतो, घेऊ नये. त्यांचा मसाला त्यांच्याकडून, सजावट त्यांच्या सांगण्याप्रमाणे, विक्रीवर त्यांची टक्केवारी, आणि पावसाळ्यात आपले काय होते याची त्यांना कल्पना नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे त्यांच्या करारात कुठे लिहिलेले आहे का, ते पाहा. त्या दोन महिन्यांत आपण सुक्या बांगड्याचे तिखले आणि कुळथाची पिठी वाढू शकता, आणि अशा दिवसांत येणारा पर्यटक तेच शोधत आलेला असतो. आपल्या दाराशी खडूने लिहिलेली पाटी आहे असे आपण पत्रात लिहिले आहे. आज काय मासे आहेत ते सकाळी लिहायचे आणि संपले की पुसायचे. साखळीवाल्यांना लाखो रुपये खर्चूनही ही पाटी लावता येत नाही, कारण त्यांचा मासा सहा महिन्यांपूर्वी ठरलेला असतो.

प्रश्न : आमचे रत्नागिरीत वडिलांपासूनचे हॉटेल आहे. आता निम्मी विक्री मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरींची आहे. हॉटेल रिकामे दिसते, पोरे मात्र दारात उभी. कमिशन कापून हातात फार थोडे उरते. ॲप बंद करावे का?
– एक तरुण व्यावसायिक, रत्नागिरी

उत्तर : बंद करू नका, पण ॲपवर काय विकायचे ते निवडा. कमिशन वीस टक्क्यांच्या पुढे गेले की ज्या पदार्थात कच्च्या मालाचा वाटा मोठा आहे, तो पदार्थ तोट्यात जातो. मासळीत हा वाटा फार मोठा असतो. बिर्याणीत, फ्राइड राइसमध्ये, अंडाकरीत तो बराच कमी असतो. दुसरे असे की तळलेली सुरमई डब्यात झाकली की वीस मिनिटांत तिचा कुरकुरीतपणा जातो, कोंबडीबरोबरचे वडे वाफेने चिवट होतात, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर दोन तारे देते ते तुमच्या नावाला, डब्याला नव्हे. माझ्या ओळखीतील एका हॉटेलाने वडे कागदात आणि रस्सा वेगळ्या डब्यात द्यायला सुरुवात केली, झाकणाला दाभणाने दोन भोके पाडली, आणि तक्रारी निम्म्यावर आल्या.

कराविषयी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अनेकांचा घोटाळा होतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून दिलेल्या जेवणावरचा जीएसटी ॲप कंपनीच गिऱ्हाइकाकडून घेऊन भरते. तो तुम्हांला पुन्हा भरायचा नसतो. वहीत ही विक्री वेगळ्या रकान्यात लिहीत चला, नाहीतर वर्षाअखेरीस हिशेबनीस आणि तुम्ही दोघेही डोके धरून बसाल.

आता रिकाम्या टेबलांविषयी. आपले वडील गल्ल्यावर बसत, आणि येणाऱ्याला ‘काय, आज उशीर?’ असे विचारीत, हे मला आठवते. आपण हल्ली आत ऑर्डरींच्या टॅबलेटसमोर असता असे मला वाटते. तसे असेल तर टॅबलेट एखाद्या हुशार पोऱ्याच्या ताब्यात देऊन निदान साडेबारा ते अडीच या वेळात आपण बाहेर बसावे. डिलिव्हरीच्या मुलांसाठी मागच्या दाराशी एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवा. त्यांनाही सावली मिळेल आणि जेवणाऱ्याच्या खांद्याशी कोणी घाई करत उभे राहणार नाही.

प्रश्न : हॉटेलच्या बिलात ‘सेवा शुल्क’ दहा टक्के लावतात. ते द्यावेच लागते का? आणि लहान हॉटेलवाल्याने जीएसटी मागितला तर?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : सेवा शुल्क सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेल संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. नम्रपणे काढायला सांगावे. न काढल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटीचे असे की, जो हॉटेलवाला कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी एकूण विक्रीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोप्या योजनेत, आहे त्याने कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. तो बिलात वेगळा कर लावू शकत नाही, आणि आपण या योजनेत आहोत अशी पाटी त्याने लावायची असते. वेटरला खुशीने काही द्यायचे असेल तर हातात द्यावे, बिलात नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सुना-मुलांना बाहेरचे खाणे म्हणजे मोठी मौज वाटते; माझ्या लहानपणी बाहेर जेवणे हे घर नसलेल्याचे लक्षण समजत. आपण याला बदलती सवय म्हणता, मला तो ऱ्हास वाटतो. यात आपण कोणत्या बाजूचे?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : गुरुजी, मी हॉटेलवाला, तेव्हा माझी बाजू आपण ओळखली असेलच. तरी थोडे मागे जाऊ. ‘घर नसलेल्याचे लक्षण’ हे आपण अगदी बरोबर लिहिले आहे, आणि ज्यांना मुंबईत घर नव्हते ते बहुतेक आपल्याच जिल्ह्यांतले होते. गिरणगावात गाळ्यात दहा-पंधरा जण राहणाऱ्या चाकरमान्याचे दोन्ही वेळचे जेवण चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत असे, आणि ती बाईही पुष्कळदा कोकणातलीच असे. महिन्याचे पैसे महिन्याला. संप झाला की पैसे थांबत, पण जेवण थांबत नसे, आणि ती बाई वाण्याच्या उधारीत बुडे. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून सुरू केले. पैसे घेऊन शिजवून घालणे हा आपल्या मराठी माणसाच्या इतिहासाचा भाग आहे, तो पिझ्झ्याबरोबर आलेला नाही.

फरक कुठे पडला ते आकड्यांत दिसते. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागातील कुटुंबाच्या एकूण खर्चात पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या पुढे आहे, तर तांदूळ-गहू-ज्वारी मिळून सर्व तृणधान्यांचा पाच टक्क्यांच्या किंचित खाली. या साडेनऊ टक्क्यांत चहा, बिस्किटे, वेफर्सही येतात, म्हणून ते सगळे हॉटेलच्या नावावर मांडू नयेत. तरीही धान्याच्या दुप्पट खर्च तयार खाण्यावर, हे आपल्या पिढीला चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे.

त्यात मला काय खटकते ते सांगतो. सूनबाईंनी आठवड्यातून एक संध्याकाळ चुलीपासून सुट्टी घेतली, तर त्यात काही बुडाले असे मला वाटत नाही. सहा दिवस जे काम फुकट होत होते, त्याची किंमत निदान एक दिवस बिलावर छापून येते. मला खटकते ते असे की सावंतवाडीचे कुटुंब रविवारी गाडी काढून पंचवीस-तीस किलोमीटर जाते आणि तेथे जाऊन पनीर बटर मसाला मागते. पुढच्या रविवारी आपण त्यांच्याबरोबर जा, गुरुजी, आणि कार्ड आपल्या हातात घ्या.

प्रश्न : कणकवलीजवळ महामार्गावर आमचे हॉटेल आहे. रस्ता दुपदरी होता तेव्हा मुंबईच्या गाड्या आमच्याकडे थांबत. चौपदरी झाल्यावर गाड्या सुसाट जातात. भावाचे म्हणणे, मोठ्या शहरातल्या साखळीसारखे फूड प्लाझा बांधावे. कर्ज काढावे का?
– एक हॉटेल व्यावसायिक, कणकवली तालुका

उत्तर : आधी हे पाहा की गाडीवाला आपल्याकडे पूर्वी का थांबत होता. जुना राष्ट्रीय महामार्ग १७, म्हणजे आजचा ६६, गावांच्या पोटातून जात असे. घाटात ट्रकमागे अडकलेला ड्रायव्हर कंटाळून जेथे दिसेल तेथे थांबे. आपल्या हॉटेलाची निम्मी विक्री रस्त्याच्या दुरवस्थेने आपल्याला मिळवून दिलेली होती, हे कटू असले तरी खरे आहे. आता कशेडी घाटाऐवजी बोगदा आहे, कणकवली शहरावरून उड्डाणपूल जातो, आणि त्यावरून ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला खालची पाटी वाचता येत नाही. २७ जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावू लागली, तेव्हा काही कुटुंबांनी गाडी घरी ठेवली असेल तीही गणतीत धरा.

प्लाझासाठी कर्ज काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर टेक्सासच्या पत्राला दिलेल्या उत्तरात जागेच्या भाड्याने काय होते ते आपण वाचलेच असेल. हप्ता हा भाड्याचाच सख्खा भाऊ आहे. आणि रस्त्याचे आरेखन, सेवारस्ता, वळण यांत उद्या बदल झाला तर प्लाझा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

त्याऐवजी तीन-चार किरकोळ गोष्टी करा, ज्यांना मिळून एका लाखाच्या आत खर्च येईल. फलक हॉटेलसमोर लावतात तो काढून सेवारस्त्याला उतरण्याच्या फाट्याच्या अलीकडे, रीतसर परवानगी घेऊन, जमेल तेवढा आधी लावा. त्यावर हॉटेलचे नाव लहान आणि ‘कोंबडी वडे’ ही अक्षरे मोठी असू द्या. स्वच्छतागृह दर तासाला धुतले जाते की नाही यावर एक माणूस नेमा, कारण लांबच्या प्रवासात कुठे थांबायचे ते गाडीतली बाई ठरवते आणि ती याच गोष्टीवरून ठरवते. मुंबईहून पहाटे निघालेला चाकरमानी आपल्यापर्यंत दुपारी पोहोचतो, तेव्हा वड्यांचे पीठ सकाळी नऊला भिजवा आणि कढई बाराला चढवा. गणपतीच्या आधीच्या चार रात्री हॉटेल रात्रभर उघडे ठेवा. त्या वेळी पेज आणि लोणचे मिळाले तरी माणूस पुढच्या वर्षी हॉटेल शोधत येतो. इतर दिवसांत गिऱ्हाईक तालुक्यातलेच असेल, आणि त्याला फूड प्लाझा नको असतो, त्याला त्याच्या नेहमीच्या टेबलावर पंखा चालू हवा असतो.